तळघराची जमीन: रंगाआधी ओल बघा

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या बचत गटांच्या सगळ्या ताई, अक्का, मावश्या, वहिनी, हातातले काम चालू ठेवूनच ऐका, पापड लाटत असाल तर लाटत राहा. आज बोलायचे आहे ते पायाखालच्या जमिनीबद्दल.

गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या बऱ्याच गटांनी तालुक्याच्या गावी जागा भाड्याने घेतल्या. कुणी मसाल्यासाठी, कुणी डाळीसाठी, कुणी हळदीसाठी. बाजारपेठेत रस्त्यावरचा गाळा आपल्याला परवडत नाही. मग मिळते काय, तर दुकानांच्या खालचे तळघर. भाडे कमी, जागा ऐसपैस, कुलूप लावले की काळजी नाही. पण खाली उतरले की दिसतो उघडा सिमेंटचा कोबा. झाडावे तितकी धूळ निघते, पांढरी पावडर पायाला लागते, पावसाळ्यात कुबट वास. लगेच बैठकीत विषय निघतो, ‘ताई, रंग मारून घेऊ का? वरून प्लास्टिकचे कार्पेट टाकू का? गटातून कर्ज काढावे का?’

हा प्रश्न आम्हाला इतक्या ठिकाणी विचारला गेला की एकदा नीट सांगावे असे ठरले.

पहिल्यांदा हे समजून घेऊ की सिमेंटची जमीन वाटते तशी दगडासारखी बंद नसते. कोबा घालताना मिस्त्री सिमेंट, वाळू, खडीत पाणी घालतो. त्यातले जास्तीचे पाणी हळूहळू उडून जाते आणि जाताना डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक वाटा ठेवून जाते. पुढे त्याच वाटांनी खालच्या मातीतली ओल वर येते. दिव्याच्या वातीत तेल कसे चढते, तसेच. येताना ती मातीतले आणि सिमेंटमधले क्षार घेऊन येते. पाणी हवेत उडते आणि क्षार वर राहतात. आपण म्हणतो ना, ‘भिंतीला लोणा लागला’, तोच लोणा जमिनीलाही लागतो. तो बुरशीपेक्षा वेगळा. लोणा पांढरा, भुरभुरीत, ओल्या फडक्याने पुसला की विरघळतो. बुरशी काळसर नाहीतर हिरवट, वासाची, आणि पुसली तरी डाग ठेवते.

आपली माती तर काळी. पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाणी ती लवकर सोडत नाही. म्हणून जाणता गवंडी जोत्यात काळी माती ठेवत नाही, ती काढून मुरूम भरतो. तळघराचे तसे नाही. त्याच्या चारी भिंतींना बाहेरून मातीच टेकलेली असते. काहींना हसू येते, की 2016 साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथल्या तळघरात ओल कुठली? पण दुष्काळी गावातही पाऊस पडतो तेव्हा पडतोच, आणि छपराचे सगळे पाणी एका पाइपातून भिंतीच्या बुडाशी सोडलेले असले की तळघराला तेवढे पुरते. गोदाकाठच्या नांदेडात तर नदी भरली की सखल भागातल्या जमिनीखालचे पाणीही वर येते.

आपल्या आज्या-पणज्यांची जमीन मातीची होती. थोपटून, शेणाने सारवून केलेली. ती खालची ओल अडवत नव्हती, वर येऊन उडून जाऊ देत होती, म्हणून पोपडे सुटायचा प्रश्नच नव्हता. धान्यही त्या जमिनीवर उघडे नसायचे. भिंतीतल्या बळदात असायचे, कणगीत असायचे, नाहीतर पेवात. पेव म्हणजे जमिनीखालीच की, पण ते उंचवट्यावरची कोरडी जागा बघून खणायचे, आतून कडबा-भुसा लावायचे आणि तोंड लिंपून टाकायचे. पेव उघडल्यावर कुणी लगेच आत उतरत नसे. कोंडलेल्या हवेने माणूस गुदमरून मरतो, हे सगळ्यांना ठाऊक होते. हे ध्यानात ठेवा, कारण तळघरातल्या हवेबद्दल पुढे बोलायचे आहे.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला आणि लातूर-धाराशिवकडची घरे बदलली. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदे जाऊन सिमेंटची घरे आली. बावन्न गावे तर पूर्णपणे नव्या जागी वसली. बळद, कणगी मागे राहिली आणि पोती कोब्यावर आली. आम्ही तेव्हा शाळेत होतो, नाहीतर पाळण्यात. पण मोठ्या बायका सांगतात की त्या पुनर्वसनात गावोगाव बायकांना संवाद सहायक म्हणून नेमले होते. घर मजबूत कसे करायचे, सिमेंटला पाणी किती दिवस मारायचे, हे त्या घरोघर समजावत. म्हणजे बाईमाणसाने मिस्त्रीला प्रश्न विचारणे आपल्याकडे काही नवे नाही. आजही विचारायला लाजू नका.

आता एका गटाचे सांगतो. लातूर जिल्ह्यातला बारा जणींचा गट. उडदाचे पापड, काळा मसाला, तूरडाळ. तालुक्याच्या गावी बारा बाय पंधरा फुटांचे तळघर घेतले. मालक म्हणाला, ‘जमिनीचे तुमचे तुम्ही बघा.’ रंगाच्या दुकानदाराने सांगितले, ‘इपॉक्सी मारा, आरशासारखी होईल.’ गटाच्या कोषाध्यक्ष ताईंना ते पटले, आणि त्यांचे कारणही खरे होते. अन्न सुरक्षेच्या नोंदणीच्या नियमांत जमीन गुळगुळीत, पाणी न पिणारी, धुता येणारी असावी असे आहे. शिवाय गिऱ्हाईक खाली उतरते तेव्हा त्याला स्वच्छ दिसले पाहिजे. पण गटातल्या एक मावशी पूर्वी बांधकामावर बिगारीच्या कामाला जायच्या. त्या म्हणाल्या, ‘आधी जमीन घामेजतीय का बघू द्या.’

बघायची रीत सोपी आहे, फुकटात होते. जाड, पारदर्शक प्लास्टिकचा दीड फूट लांब, दीड फूट रुंद तुकडा घ्या. जमीन झाडून त्यावर तो अंथरा आणि चारी कडा रुंद चिकटपट्टीने पक्क्या बंद करा, कुठून हवा जाता कामा नये. सोळा तास तरी तसाच ठेवा. आज संध्याकाळी लावला तर उद्या दुपारी उघडा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब दिसले, किंवा खालचा कोबा काळपट झाला, तर ओल खालून येते आहे. आत कोरडे आणि प्लास्टिकच्या वरच्या बाजूला पाणी, तर ती ओल हवेतली. गार पाण्याचा तांब्या जसा बाहेरून घाम सोडतो, तशी गार जमीन दमट हवेतले पाणी ओढते. एकच तुकडा लावून भागत नाही. भिंतीजवळ, मध्यभागी, जिन्याजवळ, असे तीन-चार लावा.

आणि हे केव्हा करायचे, तर भर पावसाळ्यात, श्रावण-भाद्रपदात. चैत्र-वैशाखात आपल्याकडची जमीन कोरडी ठणठणीतच असते. तेव्हा परीक्षा घेतली तर प्रत्येक तळघर पास होते! रंगारी उन्हाळ्यात येतो, उन्हाळ्यात रंग देतो, पैसे घेऊन जातो. रंगाचे खरे काय ते गणपतीत कळते.

नांदेड जिल्ह्यातल्या एका हळदीच्या गटाचे तसेच झाले. मे महिन्यात ठेकेदाराने रंग दिला, ‘दहा वर्षे बघायला नको’ म्हणाला. श्रावणात जमिनीला फुगे आले, भाद्रपदात पोपडे. जमिनीवर ठेवलेल्या पोत्यांतल्या हळद पावडरीचे खालून गोळे झाले, आणि रंगाचे तुकडे जागेत पडलेले असताना माल विकायचा कसा, हा प्रश्न वेगळाच. ठेकेदार म्हणतो तुम्ही पाणी सांडले, मालक म्हणतो रंग माझा नव्हे. गट अजून त्या कर्जाचे हप्ते भरतो आहे. त्या बायकांची यात चूक काही नाही. रंग वरून बसवलेला असतो आणि ओल खालून ढकलत असते. वाट मिळाली नाही की ती रंगच उचलते. रंगाचा डबा भारी असला म्हणून यात फरक पडत नाही.

पुन्हा लातूरच्या गटाकडे येऊ. त्यांनी ऑगस्टात तीन तुकडे लावले. जिन्याजवळचा कोरडा, रस्त्याकडच्या भिंतीजवळचे दोन्ही ओले. मावशी वर जाऊन बाहेरून फिरून आल्या. गच्चीचा पावसाचा पाइप नेमका त्याच भिंतीच्या बुडाशी सुटत होता आणि तिथली जमीन भिंतीकडे उतरती होती. मालकाशी बोलणे झाले. तो आधी नाही म्हणाला. बायकांनी सांगितले, भिंत तुमची आहे, उद्या दुकानाच्या पायाला लागेल. मग त्याने पाइप वाढवून गटारापर्यंत नेला आणि भिंतीलगत सिमेंटचा उतार बाहेरच्या बाजूला करून दिला. त्या कामाला रंगाच्या निम्माही खर्च आला नसेल. महिनाभराने परत प्लास्टिक लावले. एक जागा कोरडी झाली होती, कोपऱ्यातली मात्र थोडी दमट होतीच.

मग त्यांनी इपॉक्सीचा बेत सोडला. लोणा तारेच्या ब्रशने कोरडाच घासून काढला आणि झाडून बाहेर टाकला. पाण्याने धुतला तर तो विरघळून परत कोब्यातच मुरतो. नंतर सोडियम सिलिकेटचे पाणी दोनदा दिले. हे द्रव्य रंगासारखा थर करत नाही. कोब्यात मुरून सिमेंटमधल्या चुन्याशी मिळते आणि वरचा भाग टणक करते. धूळ उडायची थांबते, झाडू-पोछा नीट होतो, आणि खालच्या ओलीला वाटही राहते. चमक येत नाही, ओलही थांबत नाही, हे आधीच समजून घ्या. कोषाध्यक्ष ताईंना चमक हवी होती, त्यांची थोडी निराशा झाली. पण पापड सादळले नाहीत, तेव्हा त्याच सगळ्यांना सांगू लागल्या.

मालासाठी त्यांनी लाकडी पॅलेट आणले, पोती जमिनीपासून चार-पाच इंच वर. भिंतीपासून हातभर जागा सोडली, म्हणजे झाडता येते, उंदीर दिसतो, हवा फिरते. दमट कोपऱ्यात काहीच ठेवले नाही, कोबा उघडाच राहू दिला. खरेदी केंद्रावर सोयाबीन नेले की ओलावा मोजतात, 12 टक्क्यांच्या वर गेला की अडचण, हे तुम्ही जाणताच. उन्हात वाळवून कमावलेला तो कोरडेपणा थेट जमिनीवर पोती टाकून घालवू नका. भुईमुगाच्या शेंगा, मिरची यांना तर ओल लागून बुरशी धरली की विष तयार होते. निवडून, धुऊन, भाजून ते जात नाही.

आता ज्यांची जमीन खरोखर कोरडी निघाली, त्यांनी रंग जरूर द्यावा. लाल ऑक्साइडचा घोटलेला कोबा आपल्याकडे किती घरांत वर्षानुवर्षे टिकला आहे! पण रंग टिकतो तो तयारीवर. नवा कोबा असेल तर आधी पाणी मारण्याचे दिवस पूर्ण करा आणि घातल्यापासून किमान 28 दिवस रंगाचे नाव काढू नका. तळघरात त्याहून जास्तच लागतात. जुना असेल तर पाण्याचे चार थेंब टाकून बघा. थेंब मुरले तर रंग धरेल. मोत्यासारखे उभे राहिले तर वर तेल, मेण किंवा जुना रंग आहे, तो खरवडल्याशिवाय पुढे जाऊ नका. तडे असतील तर तड्यावर आडवी पेन्सिलची रेघ मारा, शेजारी तारीख आणि तड्याची रुंदी लिहा. पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात ती रुंदी बदलत असेल तर खालची काळी माती हलते आहे. त्यात नुसते सिमेंट भरले तर पुन्हा फुटणारच, तिथे रबरासारखे लवचिक भरण लागते.

काही रंगारी जमीन खरबरीत करायला अ‍ॅसिड ओततात. आमचे मत विचाराल तर तळघरात ते नकोच. घासायचे यंत्र भाड्याने मिळते, ते बरे. अनवाणी पायांनी, साडीचा काठ ओला करत अ‍ॅसिडचे काम करणाऱ्या बायका आम्ही पाहिल्या आहेत, बघवत नाही. कुणी वापरलेच तर पाण्यात अ‍ॅसिड घालायचे, अ‍ॅसिडात पाणी कधीच नाही. आणि त्याच जागी ब्लीचिंग पावडर टाकायची नाही. दोन्ही मिळाले की विषारी वायू निघतो, आणि तळघरातून तो सहज बाहेर जात नाही. त्याचप्रमाणे जमीन लवकर वाळावी म्हणून खाली कोळशाची शेगडी पेटवून दार लावायचे नाही. त्या धगीतून निघणाऱ्या वायूला वास नसतो, माणूस झोपल्यासारखा जातो. पेवाची आठवण मघाशी काढली ती याचसाठी. रंग देतानाही पंखा लावून हवा बाहेर फेकायची, एकटीने खाली काम करायचे नाही, आणि गरोदर बहिणींनी वरच थांबायचे.

इपॉक्सी दोन डब्यांत येते. दोन्ही मिसळले की ते स्वतःच तापते आणि घट्ट होऊ लागते, म्हणून तासाभरात संपेल एवढेच कालवा. हातमोजे घालाच, कातडीला ते सोसत नाही. पहिला हात पातळ, तो वाळला की दुसरा. किती वेळ थांबायचे आणि एका लिटरात किती चौरस फूट होते, ते डब्यावर छापलेले असते. बारा बाय पंधराची खोली म्हणजे 180 चौरस फूट, दोन हात म्हणजे 360, हा हिशोब दुकानात जाण्याआधीच करून ठेवा. खरबरीत कोबा जास्त रंग पितो. तेल किंवा पीठ सांडते अशा जागी दुसऱ्या हातावर बारीक चाळलेली कोरडी वाळू भुरभुरवून घ्या, नाहीतर चकचकीत जमिनीवर पाय घसरून कंबर मोडायची.

वरून झाकायचे असेल तर आमची पसंती शहाबादी फरशीला. कलबुर्गीकडचे शहाबाद आपल्यापासून काही फार लांब नाही, मिस्त्रींचा हात बसलेला आहे, आणि सांध्यांतून थोडी ओल आली तरी फरशीला पोपडे सुटत नाहीत. प्लास्टिकचे कार्पेट मात्र दमट कोब्यावर अजिबात नको. वरून छान दिसते, खाली पाणी साचते. महिन्याने कोपरा उचलून बघा, वासानेच कळेल. बसायला सतरंजी, गोणपाट टाका, ते उचलून उन्हात घालता येते.

पैशाचे बोलायचे राहिले, आणि खरे तर तेच महत्त्वाचे. भाड्याच्या जागेत दिलेला रंग, बसवलेली फरशी आपल्याबरोबर येत नाही. करार बहुतेक अकरा महिन्यांचा असतो. म्हणून जमिनीचे काम कोण करणार, खर्च भाड्यातून वळता होणार का, हे करारात लिहून घ्या. मालक ‘होईल हो ताई’ म्हणतो त्यावर जाऊ नका. गटाचा पैसा आधी उचलून नेता येईल अशा वस्तूंत घाला, म्हणजे पॅलेट, झाकणाचे डबे, पंखा. आणखी एक, सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेतून गटाच्या सदस्याला 40,000 रुपयांपर्यंत बीजभांडवल मिळते, ते खेळत्या भांडवलासाठी आणि लहान अवजारांसाठी आहे. ते जमिनीच्या रंगात घालू नका. हिशोब तपासताना अध्यक्ष-सचिवांनाच उत्तर द्यावे लागते.

एक मावशी परवा विचारत होत्या, ‘मग पावसाळ्यात तळघराच्या खिडक्या उघड्या ठेवायच्या का बंद?’ झड लागलेली असताना बंद ठेवा, नाहीतर बाहेरची दमट हवा आत येऊन गार जमिनीवर पाणी सोडते. ऊन पडून वारा कोरडा झाला की सगळ्या उघडा, पंखा लावा आणि पोती जरा हलवून ठेवा.

तुमच्या जागेत प्लास्टिकची परीक्षा घेतलीत तर कुठल्या भिंतीजवळ काय दिसले ते तारखेसह गटाच्या नोंदवहीत लिहून ठेवा. सीआरपी ताई बैठकीला येतील तेव्हा त्यांना दाखवा, म्हणजे मालकाशी बोलायला आम्हीही बरोबर येऊ.